खुला गोठा: शहराला गाय दाखवण्याचे दिवस

माळरान (धागाकर्ता)

युरोप-अमेरिकेत वर्षातून एखाद्या दिवशी दुग्धशाळांची फाटकं सगळ्यांसाठी उघडतात. लोक पोराबाळांना घेऊन येतात, गोठा फिरतात, धार कशी निघते ते बघतात, मुरघासाचा (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) वास घेतात. आपल्याकडेही काही गोठेमालक असा दिवस करायचं म्हणताहेत, म्हणून हा धागा. मी आधी हे कुठून आलं ते लिहितो. प्रत्यक्ष कसं करायचं ते जाणकारांनी लिहावं.

इतिहास चाळला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शहराचा दुधावरचा विश्वास उडाला की कोणीतरी गोठ्याचं दार उघडलं.

लंडनमध्ये गाई शहरातच, गल्लीबोळातल्या कोंदट गोठ्यांत असत. १८६५ साली बुळकांडी (गुरांची जीवघेणी साथ) आली आणि शहरातले गोठे ओस पडले. जॉर्ज बरहॅम यांनी वर्षभर आधीच रेल्वेने खेड्यातलं दूध आणायचा धंदा सुरू केला होता, त्याला एकदम मागणी आली. पण खेड्यातलं दूध म्हणजे न पाहिलेलं दूध. म्हणून त्यांच्या एक्सप्रेस डेअरीने १८८३ मध्ये फिंचलीला ‘कॉलेज फार्म’ हा नमुनेदार गोठा बांधला, तोही लोकांनी येऊन बघावा याच हेतूने.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून वाईट. तिथे दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे होते आणि गाईंना भट्टीतला गरम चोथा घालत. त्या दुधाने लहान मुलं दगावत होती. १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने ते चित्रांसह उघड केलं. पुढे १८९३ मध्ये नेवार्कच्या डॉ. हेन्री कॉइट यांनी डॉक्टरांची समिती नेमून ‘प्रमाणित दूध’ ही पद्धत घातली. गाई, गडी, भांडी आणि दूध या सगळ्यांची तपासणी बाहेरच्या माणसांनी करायची. गोठा परक्या नजरेसमोर ठेवायचा, हा विचार इथे नियमात आला.

त्याच प्रमाणित दुधाच्या धंद्यातल्या वॉकर-गॉर्डन कंपनीने १९३० मध्ये न्यू जर्सीत प्लेन्सबरोला ‘रोटोलॅक्टर’ सुरू केला. फिरत्या चकतीवर ५० गाई उभ्या, साडेबारा मिनिटांत एक फेरा, तेवढ्यात धार काढून गाय खाली. प्रेक्षकांसाठी काचेमागे सज्जा होता. आज रोटरी पार्लर (यंत्राने धार काढायची फिरती जागा) म्हणतात त्याचा हा पूर्वज. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बॉर्डन कंपनीने तो मांडला, तेव्हा लोक सारखं एकच विचारायचे: यातली एल्सी कुठली? एल्सी ही खरं तर जाहिरातीतली चित्रातली गाय. शेवटी कंपनीने एक देखणी जर्सी निवडली आणि तिला एल्सी केलं.

आपल्याकडे याला जवळचं म्हणजे आरे. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला सुमारे १,२८७ हेक्टरांवर वसाहत झाली, १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. दूध आयुक्त दारा खुरोडी यांचं ते काम. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना ‘अमूल’च्या त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मिळाला. तबेल्यांच्या रांगांबरोबर बागा आणि सहलीच्या जागाही आल्या, आणि मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी म्हशी पहिल्यांदा पाहिल्या त्या तिथे.

हल्लीचे ठरलेले दिवस बरेच नवे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १ ऑगस्टला, राष्ट्रीय दिनी, शेतावर न्याहारी: १९९३ पासून. डेन्मार्कचा सेंद्रिय दिवस (सेंद्रिय गोठ्यांवर गाई चरायला सोडतात तो) एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी: २००५ पासून. ब्रिटनमध्ये २००१ च्या लाळ्या-खुरकूतीत (गुरांत झपाट्याने पसरणारा विषाणूरोग) ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, शेतातल्या पायवाटा महिनोन्‌महिने बंद होत्या. तिथे ‘लीफ’ या शेती-पर्यावरणाच्या संस्थेने २००६ पासून जूनमधला ‘ओपन फार्म संडे’ सुरू केला. अमेरिकेत जून हा दुधाचा महिना १९३७ पासूनचा, पण तो मुळात उन्हाळ्यातलं जास्तीचं दूध खपवण्यासाठी होता. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागाची ‘शेतावरची न्याहारी’ २००९ ची.

उत्तरायण

स्वीडनचं राहिलं, ते लिहिते. इथे खुला दिवस म्हणजे गाई बाहेर सोडण्याचा दिवस, ‘कूस्लेप’. हिवाळाभर गाई आत असतात. एप्रिल-मेमध्ये दार उघडलं की सहा-सात वर्षांच्या पोक्त गाईही शेपूट ताठ करून, मागचे दोन्ही पाय झाडत उधळतात. गवतात डोकं घुसळतात, एकमेकींना ढुशा देतात. बघायला कुंपणापलीकडे हजारभर माणसं.

याच्यामागे कायदा आहे. बालसाहित्यकार आस्त्रिद लिंडग्रेन आणि पशुवैद्य क्रिस्तीना फोर्सलुंड यांनी १९८५ पासून वृत्तपत्रांतून कोंडलेल्या जनावरांविषयी लिहून रान उठवलं. १९८८ चा प्राणीसंरक्षण कायदा त्यातून आला. सहा महिन्यांवरच्या दुभत्या जातीच्या गाईला उन्हाळ्यात चरायला बाहेर सोडावंच लागतं. दक्षिणेत किमान १२० दिवस, मध्ये ९०, उत्तरेत ६०. त्यामुळे हा दिवस दिखाव्यासाठी बेतलेला नाही. गाई सोडायच्याच असतात, लोकांना फक्त वेळ कळवलेली असते. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कडबाकुट्टी

उत्तरायण ताई, गाई अशा उधळल्या तर पाय मोडत नाहीत? कास फाटली तर त्या गाईचं वर्ष गेलं.

उत्तरायण

होतं तसं, म्हणून तयारी आदल्या महिन्यापासून असते.

पहिलं, मॅग्नेशियम. वसंतातल्या कोवळ्या लुसलुशीत गवतात ते कमी आणि पोटॅशियम जास्त असतं. नुसत्या त्या गवतावर गेलेली दुभती गाय दोन-चार दिवसांत थरथरते, आडवी पडून झटके देते आणि काही तासांत मरू शकते. म्हणून दोन-तीन आठवडे आधीपासून गाईमागे रोज साधारण ६० ग्रॅम भाजलेलं मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम ऑक्साइड) खुराकातून देतात. ते कडू लागतं, गाय बाजूला सारते, म्हणून मळीत कालवायचं.

दुसरं, वेळ. सकाळची धार काढून झाल्यावरच सोडायचं, म्हणजे कास रिकामी असते आणि उड्यांत सडांवर पाय पडायची भीती कमी. त्याआधी मुरघास पोटभर घालायचा. उपाशी गाय कोवळ्या गवतावर तुटून पडते आणि पोट फुगतं. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांत परत आत, मग रोज वेळ वाढवायची.

तिसरं, वाट. गोठ्याच्या दाराबाहेरचं काँक्रीट ओलं असलं की गाय घसरून मागचे पाय फाकते आणि ती गाय पुन्हा उभी राहीलच असं नाही. आदल्या रात्री शेण खरवडून काढायचं, वर वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरायचा. दारातून बाहेर पडल्यावर लगेच काटकोनात वळण नको. फाटक शक्य तितकं रुंद हवं आणि खांबांच्या कडा गोल.

चौथं, कोणाला सोडायचं नाही: लंगडी, दिवस भरत आलेली गाभण आणि माजावर आलेली. माजावरची गाय दुसरीवर चढते, दुसरी घसरते. पहिलटकरणींनी झटक्याची तार पाहिलेली नसते, त्यांना आठवडाभर आधी आवारात आणून, मागे पक्कं कुंपण असलेल्या तारेची सवय लावायची. नाहीतर उधळलेली कालवड तारेला दाद न देता थेट माणसांत येते. तारेत शेवटच्या खांबापाशी ३,००० व्होल्ट तरी दिसले पाहिजेत. लोकांसाठीचा दोर तारेपासून तीन मीटर अलीकडे, म्हणजे पोरांचे हात पोचत नाहीत.

डॉ. खुरप्पा

पेशाने पशुवैद्य. गाईंचं उत्तरायण यांनी छान सांगितलं, आता माणसांचं. खुल्या दिवसाचा खरा धोका शिंगांत नाही, शेणात आहे.

ई. कोलाय ओ-१५७ हा जिवाणू निरोगी गाईच्या आतड्यात असतो. गाईला काही होत नाही, तिच्याकडे बघून कळतही नाही. माणसाला शंभराहून कमी जिवाणू पुरतात. तीन-चार दिवसांनी पोटात मुरडा, रक्ताची हगवण. पाच वर्षांखालच्या काही मुलांची मूत्रपिंडं बंद पडतात. दुसरा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी, महिन्याच्या आतल्या हगवण लागलेल्या वासरांत हमखास. आणि नेमकी तीच वासरं आपण पोरांना कुरवाळायला देतो.

दोन घटना खुला दिवस करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात लोकांसाठी खुल्या असलेल्या एका फार्मवरून ९३ जणांना ओ-१५७ ची लागण झाली, बहुतेक दहा वर्षांखालची मुलं. दुसरी आपल्या विषयाला अगदी चिकटून: २०१५, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याचा व्हॉटकम परगणा. पहिलीच्या हजाराहून जास्त मुलांना दूध कसं तयार होतं हे दाखवायला एका मोठ्या पागेसारख्या इमारतीत नेलं. ६० जण आजारी, ११ रुग्णालयात, ६ जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम. मांडामांड आणि आवराआवर करणारी माणसंही त्यात होती, म्हणजे ती जागाच आधीपासून दूषित होती. हा जिवाणू शेणमिश्रित मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे ‘जनावरं कालच हलवली’ हे सांगून भागत नाही.

उपाय साधा आहे पण पक्का करावा लागतो: वाहतं पाणी, साबण, कागदी रुमाल. बादलीत हात बुडवणं म्हणजे पहिल्याची घाण दहाव्याला.

निळावंती

सॅनिटायझरच्या बाटल्या जागोजागी ठेवल्या तर? पाण्याची एवढी सोय प्रत्येक गोठ्यावर कुठून होणार?

डॉ. खुरप्पा

नाही, ताई. शेण किंवा लाळ लागलेल्या हातावर अल्कोहोल नीट पोचतच नाही, आणि क्रिप्टोला अल्कोहोलने काही होत नाही. धुतल्यावर वरून लावा हवं तर. धुण्याऐवजी नको. बाटली दिसली की लोक नळाकडे जात नाहीत, म्हणून मी ती ठेवूच नये म्हणेन.

पाण्याचा हिशेब घाबरण्यासारखा नाही. एका माणसाला साबण लावून, चोळून, पुसून पाऊण ते एक मिनिट लागतं. जेवणाच्या वेळी अर्ध्या तासात ३०० माणसं येणार असतील तर मिनिटाला १०, म्हणजे १० नळ. कमी असले की रांग लागते, आणि रांग लागली की आईबाप पोराला तसंच खायला बसवतात. एका वेळेला दोन लिटर पाणी धरा. हजार माणसं दोनदा हात धुणार, तर ४,००० लिटर. ५,००० लिटरचा एक टँकर भागवतो. पीव्हीसी पाइपाला ओळीने तोट्या बसवा, निम्म्या तोट्या ५० ते ६० सेंटीमीटर उंचीवर, लहान मुलांसाठी. खाली सांडपाण्याची चर खणा, नाहीतर नळापाशी चिखल होतो आणि लोक नळच टाळतात.

वाट एकेरी असावी: जनावरं, मग नळ, मग खाणं. खाण्याच्या जागेला नळांच्या रांगेतूनच दार. गोठ्यात तोंडात काही नको, बाळाचं चोखणंसुद्धा बाहेर. नळापाशी एक माणूस निव्वळ ‘हात धुवा’ एवढं सांगायला उभा करा. पाटीपेक्षा माणसाचं लोक ऐकतात.

आणि दूध चाखायला द्यायचं असेल तर कच्चं कधीच नाही. पाश्चरायझेशन ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, ती सोय नसेल तर सरळ उकळून. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे फार आहे, पण ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला ताप आणणारा जिवाणू) धारोष्ण दुधातूनही येतो.

कडबाकुट्टी

डॉक्टरसाहेब, उलट बाजू पण लिहा. येणारा माणूस रोग घेऊन आला तर? दुसऱ्या गोठ्यावरून आलेल्याच्या चपलेला काय लागलंय कोणाला ठाऊक.

डॉ. खुरप्पा

बरोबर, लाळ्या-खुरकूतीची मोठी भीती तीच. फाटकावर पायधुणी, म्हणजे तळवे बुडवायला जंतुनाशकाचं उथळ टाकं, हवी. त्या विषाणूवर धुण्याचा सोडा चालतो, ४ टक्के द्रावण. इथे एक चूक सगळीकडे होते. ४ टक्के हे प्रमाण कोरड्या भुकटीचं: १० लिटरला ४०० ग्रॅम. बाजारात स्फटिकी सोडा मिळतो त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तो १० लिटरला किलोभर किंवा थोडा जास्त लागतो. आधी तळवे ब्रशने घासून, मग पायधुणीत. शेण-माती भरलेला तळवा नुसता बुडवून काही होत नाही, उलट द्रावणच वाया जातं. द्रावण गढूळ दिसलं की बदला. सोडा कालवताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना त्यात अनवाणी उभं करू नका.

गोठ्यात लसीकरण झालेलं असावं, आणि तालुक्यात लाळ्या-खुरकूत किंवा लंपी (गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग) चालू असेल तर दिवस रद्द करायचा, त्यात चर्चा नको. जर्मनीत जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत सापडली, तेव्हा बर्लिनच्या मोठ्या कृषी प्रदर्शनात त्या वर्षी गाई, शेळ्या, मेंढ्या आणल्याच नाहीत.

अनिवासी गवळी

याला जोडून अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी: भारतातून आई-वडील आले की दुसऱ्याच दिवशी त्यांना डेअरी फार्म दाखवायला नेऊ नका. आपल्या देशात लाळ्या-खुरकूत आहे, इथे नाही. बरेच गोठे पाच दिवसांचं अंतर मागतात. गावी गोठ्यात वापरलेली पादत्राणं तर आणूच नयेत. विमानतळावर विचारलं तर खरं सांगावं, ते बूट धुऊन देतात.

मिशिगनच्या न्याहारीची मांडणी थोडक्यात. एका दिवसात एक-दोन हजार माणसं, सकाळी ९ ते १. वाट दोरीने आखलेली, तिच्यावर दहा-बारा थांबे: वासरं, खुराक, मुरघासाचा खड्डा, पार्लर, दुधाची टाकी, शेणखत, पशुवैद्य. प्रत्येक थांब्यावर दोन माणसं, म्हणजे एकाला पाणी प्यायला जाता येतं. सगळ्यात जास्त फसतं ते पार्किंग. एकरी १२०-१३० गाड्या धरा, आणि त्या शेतात आधी पाऊस झाला तर दुसरी कडक जमीन हाताशी ठेवा. ट्रॅक्टर दोरासह उभा असावा, गाड्या रुततातच. रस्त्याच्या कडेला एकही गाडी नको, रुग्णवाहिकेची वाट तीच असते.

माळरान (धागाकर्ता)

लोक विचारतात काय आणि सांगायचं काय, यावरही बोलू या. माझ्या मते वासराचा प्रश्न टाळणं ही सगळ्यात मोठी चूक. ‘आईपासून तोडता का?’ हे विचारलं जाणारच. व्यावसायिक गोठ्यावर पहिल्या दिवशीच वेगळं करतात, ते तसंच सांगावं. मग चिकाचं सांगावं: ४० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत चार लिटर चीक, कारण रोगाशी लढणारी द्रव्यं आईच्या पोटात रक्तातून वासराला मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात, आणि तासागणिक त्याच्या आतड्याची ती शोषायची ताकद घटते. गोऱ्ह्यांचं काय होतं, हेही विचारतील. उत्तर तयार ठेवा, खरं ठेवा. कोपरा झाकून ठेवला की लोक नेमकं तेच घरी घेऊन जातात.

आणि एक मांडणी हमखास लोकांना थांबवते: एका गाईचं एका दिवसाचं ताट. ताडपत्रीवर २० किलो मुरघास, १० किलो हिरवा चारा, ३ किलो कडब्याची कुट्टी, ७ किलो खुराक आणि शेजारी २० लिटरचे पाच जार पाणी. पलीकडे २० लिटर दूध. वीस लिटर देणाऱ्या संकरित गाईचं हे साधारण माप. ढिगापाशी उभं राहून माणूस दुधाच्या भावाबद्दल वेगळंच बोलायला लागतो.

निळावंती

आमच्या भागात म्हशीच जास्त. म्हशीची धार दाखवायची का?

डॉ. खुरप्पा

जवळून नको. म्हैस परक्या माणसाला बिचकते आणि पान्हा चोरते. भीतीने ॲड्रेनॅलिन वाढलं की पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काही चालत नाही, दूध कासेतच राहतं. एक वेळ गेली तर पुढच्या धारेलाही ती अडते, कासदाहाचा धोका वेगळाच. गाईसुद्धा बिचकते, पण पार्लरला सरावलेली गाय लवकर सावरते. रोटोलॅक्टरला काच होती ती उगाच नाही. दाखवायचीच असेल तर रोजचाच माणूस, रोजचीच वेळ, रोजचीच जागा. दहा मीटरवर बांबूची जाळी किंवा हिरवं शेडनेट, त्यात डोळ्यांच्या उंचीवर फटी, आणि एका वेळी पंधरा माणसं. फोनचा फ्लॅश बंद.

फुगे बांधू नका हेही सांगून ठेवतो. फुगा फुटला की दावणीतली जनावरं बिथरतात, आणि रबर, सुतळी, फलकांच्या तारा गव्हाणीत जातात. गाय चावून निवडत नाही, गिळते. तार जाळीपोटात (पोटाच्या एका कप्प्यात) अडकून पुढे काळजाला टोचते, ते महिन्याभराने लक्षात येतं. दुसऱ्या दिवशी जनावरं सोडायच्या आधी दोघांनी मोठं लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन गव्हाण, चराईची कड आणि पार्किंगचं शेत सावकाश फिरून काढावं. मग वैरण टाकावी.